पाच वायनरी, तीन दिवस आणि एक स्टिअरिंग

प्रश्न: आम्ही डोंबिवलीचे. यंदा २६ जानेवारी सोमवारी आलाय, म्हणून शनिवार ते सोमवार नाशिकला जायचं ठरवलंय. स्वतःच्या गाडीने; टूरवाल्यांच्या मागे धावणं नको. मी, नवरा, नऊ वर्षांचा मुलगा आणि सासूबाई. आम्ही दोघं वाइन घेतो, पण त्यातलं कळत काही नाही, त्यामुळे तिथे गेल्यावर अवघडल्यासारखं होईल अशी धास्ती आहे. शनिवारी मुकणे धरणाच्या बाजूच्या दोन वायनरी, रविवारी गंगापूरकडच्या दोन, सोमवारी दिंडोरीची एक करून सापुताऱ्यावरून परत, असा बेत आहे. सासूबाईंना त्र्यंबकेश्वर आणि वणी दोन्ही हवंय. गाडी आम्हा दोघांनाही येते. जमेल ना?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर: नाही जमणार. तुमच्या बेतात पाच वायनरी आहेत, दोन देवस्थानं आहेत, एक परराज्यही आहे. गाडी कोण चालवणार, एवढंच कुठे लिहिलेलं नाही. मी नाशिकची, माहेर दिंडोरी तालुक्यातलं, भावाची द्राक्षबाग आहे. थंडी पडली की मुंबईकडच्या पाहुण्यांचे फोन सुरू होतात आणि मी पहिल्यांदा हेच विचारते. ‘अगं, घोटघोटच तर देतात’ असं उत्तर येतं. देतात घोटच, पण पाच-सहा प्रकारचे. त्यात जेवणाबरोबर एक ग्लास होतोच. रक्तात १०० मिलिलिटरला ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल निघालं तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ खाली पहिल्याच वेळी १०,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. आणि मागच्या सीटवर तुमचा मुलगा आणि सासूबाई आहेत.

तुम्हाला दोघांनाही गाडी येते, ही मोठी सोय आहे. शनिवारी तो चालवेल आणि तुम्ही चाखाल. रविवारी चाखायला सुरुवात झाली की कुणीच चालवायची नाही. सोमवारी तुम्ही चालवा, तो मागे बसून झोपेल. आता यावर बाकीचं बसवू.

आधी काट मारायची ती सोमवारवर. २६ जानेवारी हा ड्राय डे, त्या दिवशी दिंडोरीत काय किंवा कुठेही काय, टेस्टिंग मिळणार नाही. सापुताराही काढून टाका. ते गुजरातेत, डांग जिल्ह्यात आहे आणि गुजरातेत दारूबंदी आहे. दोन दिवस हौसेने घेतलेल्या बाटल्या डिकीत ठेवून हद्द ओलांडायची आणि नाक्यावर गाडी थांबली की सासूबाईंसमोर डिकी उघडायची, हे कशाला हवंय?

शनिवारी पहाटेच निघा. भिवंडीजवळ आमण्याला समृद्धी महामार्गावर चढलात की कसारा घाटाचं नाव घ्यायला नको. जून २०२५ मध्ये शेवटचा आमणे ते इगतपुरी हा ७६ किलोमीटरचा टप्पा सुरू झाला, त्यात जवळजवळ आठ किलोमीटरचा बोगदा आहे. मुलाला आधी सांगू नका, बोगदा संपेचना झाला की त्याचा चेहरा बघा. इगतपुरीला उतरून मुकण्याच्या बाजूला सांजेगावकडे वळा. तिथे ग्रोव्हर झंपा आहे, वॅलोने आहे. दोन्ही करायचा हट्ट धरू नका. मी असते तर वॅलोनेला गेले असते. कारखाना लहान, समोर धरणाचं पाणी, आणि गर्दीत पळत टूर करायची वेळ येत नाही. जेवायचं असेल तर आदल्या दिवशी फोन करून जागा राखून ठेवा, जोडसुट्टीत आयत्या वेळी गेलात तर तिष्ठत बसाल. वयाचा पुरावा दोघांनीही जवळ ठेवा.

रविवार गंगापूरच्या बाजूचा. मुक्काम शहरात न करता गंगापूर-सावरगाव रस्त्यावरच करा, म्हणजे संध्याकाळी गाडीला हात लावायला नको. सकाळ मात्र मुलाची. उजाडायच्या आत निघून नांदूर मध्यमेश्वरला जा, निफाड तालुक्यात. हे पक्षी अभयारण्य महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. जानेवारीत पाण्यावर बाहेरून आलेल्या बदकांची गर्दी असते, नशिबात असेल तर रोहितही दिसतात. दुर्बीण न्या आणि स्वेटर विसरू नका. निफाडची थंडी राज्यात गाजलेली आहे. पारा फार उतरला की शेतकरी बागेत रात्रभर शेकोट्या पेटवतात, कारण गारठ्याने द्राक्षाचे मणी तडकतात. पहाटे रस्त्याने जाताना बागांवर धूर तरंगताना दिसला तर तो कचरा जाळल्याचा नसतो बरं.

जेवून, थोडं झोपून चारच्या सुमाराला सुला वायनरी. या रस्त्यावर वाइनची द्राक्षं लावायला सुरुवात त्यांनीच केली, १९९७ साली. कारखाना मोठा असल्याने टूर इथे करावी: गार ठेवलेल्या स्टीलच्या टाक्या, लाकडी पिंपं, सगळं बघायला मिळतं. गर्दी मात्र जत्रेची. म्हणून टूर आणि टेस्टिंग उरकून बसायला शेजारच्या यॉर्कला जा. ही वायनरी २००६ ची, २०२१ पासून सुलाच्याच मालकीची, पण जागा निवांत आहे आणि मावळतीला गंगापूर धरणाचं पाणी समोर दिसतं. सासूबाई आणि मुलगा कंटाळतील असं वाटत असेल तर तेवढा वेळ त्यांना एमटीडीसीच्या बोट क्लबला पाठवा, एकाने सोबत जायचं.

अवघडल्याचं म्हणाल तर काउंटरमागच्या मुलाला दिवसभर ‘आम्हाला काही कळत नाही’ हेच ऐकायची सवय असते. ग्लास दांडीला धरा, म्हणजे हाताच्या उबेने वाइन तापत नाही. फिरवा, हुंगा, एक घोट तोंडात घोळवा. गिळायचा नसेल तर भांडं ठेवलेलं असतं, त्यात टाका, कुणी नाक मुरडत नाही. आधी बुडबुड्यांची, मग पांढरी, मग रोझे म्हणजे गुलाबी, मग लाल, शेवटी गोड. हा क्रम त्यांचाच असतो. एक मात्र मी अनुभवाने सांगते: नाशिकला आलात म्हणजे मिसळ खाणारच, तर तिच्या आगेमागे शिराझसारखी लाल वाइन नको. तिखट रस्सा आणि लाल वाइनचा तुरटपणा एकत्र आला की जिभेवर जाळ होतो. गार शेनिन ब्लाँ, म्हणजे पांढरी वाइन, चालते.

कुठल्यातरी वायनरीत वाइनच्या द्राक्षाचा एक मणी मागून खाऊन बघा, हंगाम नुकता सुरू झालेला असेल. खाण्याच्या थॉमसन द्राक्षासारखा लांबट, कुरकुरीत निघेल असं वाटतं. निघतो लहान, गोल, जाड सालीचा, आत बिया. साल चावली की तोंड आवळतं. गोडी मात्र खाण्याच्या द्राक्षाहून जास्त. पांढऱ्या जाती आधी काढतात, लाल मागून, आणि तोडणी शक्यतो पहाटे, माल गार असताना. पायाने द्राक्षं तुडवायचा कार्यक्रम काही ठिकाणी असतो, त्याची चौकशी आधी करा. मुलगा त्यासाठी बाकी सगळं माफ करेल.

सोमवारी वणी. त्र्यंबकेश्वर या खेपेला राहू द्या, जोडसुट्टीत तिथली रांग वयस्कर माणसाला सोसवत नाही. ते मधल्या वारी करावं. सप्तशृंगगडावर गाडी वर गावापर्यंत जाते, पुढे पायऱ्या टाळायच्या तर रुळांवरून चढणारी फनिक्युलर ट्रॉली आहे. गुडघ्यांची चिंता नको. नाशिकहून दिंडोरीवरून वणी हा रस्ता म्हणजे दोन्हीकडे द्राक्षबागाच. घडांना कागद गुंडाळलेले दिसतील, तो निर्यातीचा माल. थांबून फोटो काढा, पण विचारल्याशिवाय बागेत शिरू नका आणि तोडून तोंडात टाकू नका. फवारणी कधी झाली ते तुम्हाला माहीत नसतं, आणि व्यापाऱ्याशी सौदा झालेल्या मालातला घड गेला की माझ्या भावासारख्या माणसाचं डोकं फिरतं. मालकाला हाक मारलीत तर तो स्वतःच तोडून देतो, पैसेही घेत नाही.

गडावरून दुपारी दोनच्या आत निघा. उशीर केलात तर समृद्धीवर वाचवलेला वेळ भिवंडीत जाईल. बाटल्या उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका, जानेवारीतही बंद गाडी तापते आणि वाइन बिघडते. पायाशी आडव्या ठेवा, बिल सोबत.

प्रश्न: आम्ही नवरा-बायको दोघंही घेत नाही. तरी वायनरी बघायला यावंसं वाटतं. पावसाळ्यात आलो तर?
— एक वाचक, सांगली

उत्तर: या की. टूरला पिण्याची अट नसते. पण पावसाळ्यात घड दिसणार नाहीत. आपल्याकडे एप्रिलमध्ये खरड छाटणी होते, त्यानंतर वेल नुसता काडी आणि पानं वाढवतो. फळाची छाटणी सप्टेंबर-ऑक्टोबरात. तुम्ही सांगलीचे, हे तुम्हाला मी काय सांगायचं! तोडणी आणि गाळप बघायचं तर फेब्रुवारीत या. नुसतं हिरवं बघायचं तर जुलै-ऑगस्टमध्ये इगतपुरीची बाजू. मुकण्याच्या आसपास ढग खाली उतरलेले असतात आणि पुढचा रस्ता दिसत नाही, तेव्हा गाडीचे फॉगलॅम्प निघण्याआधी तपासून घ्या.