वाचकांचे प्रश्न : चोवीस तास गस्त मागावी का?

प्रश्न : आमच्या भागात लागोपाठ दोन घरफोड्या झाल्या. पोलिसांची गाडी कधीतरी भर्रकन निघून जाते; पायी फिरणारा पोलीस मात्र दिसतच नाही. चोवीस तास गस्त मिळावी म्हणून आम्ही रहिवासी अर्ज देणार आहोत. ही अपेक्षा रास्त आहे का?

उत्तर : पोलीस डोळ्यांना दिसावा ही अपेक्षा रास्तच आहे, मात्र चोर पकडला जाणे, चोरी टळणे आणि रात्री निर्धास्तपणे घरी परतता येणे या तीन वेगळ्या गोष्टी असून गस्तीचा उपयोग तिन्हींसाठी सारखा होत नाही. पहिलीची आशा फारशी धरू नये. ब्रिटनच्या गृहखात्याच्या १९८४ मधील एका अभ्यासाच्या हिशेबानुसार, लंडनमध्ये गस्तीवरचा पोलीस चालू असलेल्या घरफोडीपासून शंभर यार्डांच्या आत सरासरी आठ वर्षांतून एकदा येतो, आणि तेव्हाही ती त्याच्या लक्षात येईलच असे नाही.

चोरी टळते का, हे अमेरिकेतील कॅन्सस सिटीमध्ये १९७२-७३ साली तपासले गेले. पंधरा बीटांपैकी, म्हणजे गस्तीसाठी पाडलेल्या विभागांपैकी, पाचांत गाड्यांची नेहमीची गस्त थांबवून केवळ बोलावणे आल्यावरच गाडी पाठवली, पाचांत गस्त दुप्पट-तिप्पट केली आणि पाचांत पूर्वीइतकीच ठेवली. तरीही गुन्ह्यांत किंवा लोकांच्या भीतीत लक्षणीय फरक पडला नाही, इतकेच नव्हे तर बहुतेक रहिवाशांना हा बदल जाणवलाही नाही. भर्रकन जाणाऱ्या गाडीची नोंद कोण ठेवतो!

पायी गस्तीचे तसे नाही. न्यूअर्क शहरातील चाचणीचा अहवाल १९८१ मध्ये आला, त्यात गुन्हे घटल्याचे दिसले नाही. पण पायी फिरणारा पोलीस लोकांच्या नजरेत भरला आणि त्यांची धास्ती कमी झाली. हा नुसता मनाचा दिलासा, असे काही जण म्हणतात. मला ते पटत नाही, कारण धास्तावलेली माणसे अंधार पडल्यावर घराबाहेर निघत नाहीत आणि ओस पडलेला रस्ता चोराच्याच सोयीचा ठरतो. पुढे २००९ मध्ये फिलाडेल्फियात हिंसक गुन्हे एकवटलेल्या साठ ठिकाणी पायी गस्त ठेवली, तेव्हा गस्त नसलेल्या तशाच ठिकाणांच्या तुलनेत असे गुन्हे २३ टक्क्यांनी घटले. त्यांतले काही शेजारच्या गल्ल्यांत सरकले, हेही खरे. फरक पडला तो मोजक्या जागा निवडून तिथे गस्त घातल्याने.

आता मनुष्यबळाचे पाहू. आठवड्याचे तास १६८. एका माणसाची नोकरी चाळीस-अठ्ठेचाळीस तासांची, त्यातून रजा, प्रशिक्षण आणि न्यायालयातील हजेरी वजा केली, तर एका जागी अखंड एक पोलीस ठेवायला चार-पाच जण लागतात. ते कुठून तरी, बहुधा तपासाच्या कामातूनच, काढावे लागतील, आणि झालेल्या दोन घरफोड्यांचा तपास तर तुम्हालाही हवाच आहे.

म्हणून अर्जात घटनांच्या तारखा, वेळा आणि नेमक्या जागा लिहाव्यात, त्याच वेळांना पायी गस्त मागावी, आणि गस्तीवरचा पोलीस वारंवार बदलू नये असा आग्रह धरावा, म्हणजे तो रहिवाशांना आणि रहिवासी त्याला ओळखू लागतील. तक्रारीनंतर पोलीस किती वेळात पोहोचले, याची नोंदही सोबत जोडावी. ‘चोवीस तास’ हे शब्द मात्र खोडून टाकावेत.