टेस्टिंगला काय म्हणायचं: चाचणी, तपासणी की कसोटी?

हिंजवडीत सॉफ्टवेअर टेस्टिंगचं काम करणाऱ्या एका ताईंनी विचारलं आहे: ‘शनिवारी मी मराठी माध्यमातून अभियांत्रिकी शिकणाऱ्या मुलांना टेस्टिंग शिकवते. टेस्टिंगसाठी कुणी चाचणी लिहितं, कुणी तपासणी, कुणी परीक्षण. यातला नेमका कुठला शब्द धरायचा? आणि बगला, म्हणजे प्रोग्रॅममधल्या दोषाला, किडा म्हणायचं का?’

ताई, टेस्टिंग म्हणजे चाचणी. तपासणी आणि परीक्षण हेही चांगले शब्द आहेत, पण ती कामं वेगळी आहेत आणि तुमच्या धंद्यात ती तिन्ही लागतात. म्हणून त्यांची सरमिसळ होऊ देऊ नये असं मला मनापासून वाटतं.

मास्तर वह्या तपासतात, कंडक्टर तिकिटं तपासतो. तपासणारा बघतो, वाचतो; समोरच्या वस्तूला काही करून दाखवावं लागत नाही. विहिरीवर नवा पंप बसवला की मात्र बटण दाबून पाणी चढतं का ते पाहतात. ती चाचणी. चाचणीत वस्तू चालवावी लागते. सहकाऱ्याने लिहिलेला कोड तुम्ही ओळ न् ओळ वाचता, ती तपासणी. तोच कोड चालवून त्याला निरनिराळी माहिती पुरवता आणि काय बाहेर पडतं ते बघता, ती चाचणी. परीक्षण हे जाणकाराने सगळं पाहून झाल्यावर दिलेलं मत: नाटकाचं परीक्षण, लेखापरीक्षण. ऑडिटला तो शब्द ठेवावा.

चाचणीच्या बाजूने आणखी एक गोष्ट आहे. महाराष्ट्रात शाळेत गेलेल्या बहुतेकांनी घटक चाचणी दिलेली असते. तुमच्या क्षेत्रातल्या युनिट टेस्टला हाच शब्द जसाच्या तसा लागू पडतो. शाळेत घटक म्हणजे धडा, कोडमध्ये घटक म्हणजे एखादं फंक्शन, एकच काम करणारा छोटा भाग. पण कल्पना तीच, की एकेक तुकडा सुटा घेऊन पाहायचा आणि सगळ्याचा मेळ पुढे वार्षिक परीक्षेला बघायचा. मुलांना हे वेगळं समजावून सांगावंही लागणार नाही. तसंच स्टेजिंगचं. खरा सेट, खरे कपडे, खरी प्रकाशयोजना, फक्त प्रेक्षक नाहीत, याला पुण्यात एकांकिका स्पर्धेत उतरलेलं कुठलंही पोर रंगीत तालीम म्हणतं. सॉफ्टवेअर लोकांच्या हाती जाण्याआधी हुबेहूब तशाच सर्व्हरवर चालवून पाहतात, त्याला याहून चांगला शब्द मला सुचत नाही.

आता कसोटी. हा शब्द मला फार प्रिय आहे, त्यामुळे इथे जरा रेंगाळतो. संस्कृतात कष् म्हणजे घासणं. कषपट्टिका, म्हणजे घासायची पाटी, झिजत झिजत मराठीत कसोटी झाली. लहानपणी आईबरोबर सोन्या मारुती चौकाजवळच्या एका पेढीवर ती मी पाहिली होती. काळा, गुळगुळीत दगड. सराफाने बांगडी त्यावर घासली, पिवळी रेघ उमटली. शेजारी त्याने माहीत असलेल्या कसाच्या सोन्याची दुसरी रेघ ओढली, दोन्हींवर अॅसिडचा थेंब सोडला आणि कुठली रेघ किती टिकते ते बघितलं. त्या शेजारच्या रेघेशिवाय पहिली रेघ मुकी असते. तुमच्या भाषेत सांगायचं तर ती शेजारची रेघ म्हणजे अपेक्षित उत्तर. ते आधी ठरलेलं नसेल तर प्रोग्रॅम नुसता चालवून काहीच कळत नाही. म्हणून करणीला चाचणी म्हणावं आणि ज्या मापाने पास-नापास ठरतं त्याला कसोटी. ‘अॅक्सेप्टन्स क्रायटेरिया’ म्हणजे स्वीकाराच्या कसोट्या. ‘चाचणी घेतली, कसोटीला उतरलं नाही’ या एका वाक्यात दोन्ही शब्द आपापल्या जागी बसतात.

व्हेरिफिकेशनला पडताळणी म्हणावं. भागाकार झाला की गुणाकार करून ताळा बघायचा, त्या घरातला हा शब्द. उत्तर मुळाशी जुळतं का, एवढंच तो विचारतो.

मुलांना एक म्हण मात्र जपून वापरायला सांगा: शितावरून भाताची परीक्षा. ‘एक-दोन ठिकाणी चालवून बघितलं, बाकी ठीकच असणार’ या अर्थाने ती हमखास येईल. भात एका आधणात, एका आचेवर शिजतो, म्हणून एक शीत बाकीच्या शितांची हमी देतं. कोडच्या ओळी एका आधणात शिजलेल्या नसतात. १९ जुलै २०२४ ला जगभरचे विंडोज संगणक निळा पडदा दाखवून बंद पडले. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने ८५ लाख. भारतातही काही विमानतळांवर बोर्डिंग पास हाताने लिहून द्यावे लागले. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका छोट्या अपडेटमुळे हे घडलं. कंपनीने नंतर स्वतःच कारण जाहीर केलं: माहितीच्या व्याख्येत रकाने २१ होते, प्रत्यक्ष माहिती पुरवली जात होती २० रकान्यांची. चाचण्या झाल्या होत्या. पण त्या चाचण्यांत एकविसाव्या रकान्यात ‘काहीही चालेल’ अशी खूण होती, त्यामुळे तो रकाना खऱ्या अर्थाने कुणी वाचलाच नव्हता. त्या दिवशीच्या अपडेटने तिथे पहिल्यांदा नेमकं काहीतरी मागितलं, प्रोग्रॅम नसलेली जागा वाचायला गेला आणि कोसळला. वीस शितं शिजलेली होती, एकविसावं कुणी दाबून पाहिलं नाही. शिवाय अपडेट टप्प्याटप्प्याने न सोडता सगळीकडे एकदम गेलं. डच शास्त्रज्ञ एड्सगर डाइकस्ट्रा यांनी १९७० च्या सुमारासच बजावलं होतं, की चाचणीने दोष आहेत हे दाखवता येतं, दोष नाहीत हे कधीच दाखवता येत नाही.

रिग्रेशनबद्दल, म्हणजे नवा बदल केल्यावर आधी नीट चालणारं काही मोडतं त्याबद्दल, तुम्ही विचारलं नाहीत, पण मुलं विचारतील. त्याला फेरचाचणी म्हणतात ते मला पटत नाही; फेरचाचणी म्हणजे दुरुस्त केलेली तीच गोष्ट पुन्हा बघणं. रिग्रेशनमध्ये भीती वेगळी असते: एक सांधलं की तेरा तुटतात, ती. आजारी माणूस बरा होता होता पुन्हा आडवा झाला की आपण म्हणतो, ताप उलटला. तसा ‘उलटलेला दोष’ म्हणता येईल, आणि ‘काही उलटलं का बघ’ असं कामाच्या घाईतही सहज तोंडात बसतं.

आता बग. किडा नको. मराठीत किडा डोक्यात वळवळतो, कीड दाताला, लाकडाला, पिकाला लागते आणि आतून पसरत जाते. बग पसरत नाही. जिथे आहे तिथे नेमकी वेळ येईपर्यंत गप्प बसतो. हार्वर्डच्या मार्क टू या जुन्या संगणकाच्या रिलेमध्ये, म्हणजे विजेवर उघडझाप करणाऱ्या खटक्यात, ९ सप्टेंबर १९४७ ला दिव्यावर झेपावणारा असतो तसला पतंग सापडला, तो नोंदवहीत चिकटवला गेला आणि तिथून बग हा शब्द निघाला, असं खूप जण सांगतात. ती वही खरी आहे, वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. पण पतंगाखाली लिहिलं आहे ते असं, की बग म्हणून खरोखरचा किडा सापडल्याची ही पहिलीच वेळ. शब्द आधीपासून रुळलेला होता म्हणूनच ती गंमत. एडिसनच्या १८७८ च्या पत्रातही यंत्रातल्या अडचणींना बग म्हटलेलं आहे.

मराठीने इथे वेगळी मदत केलेली आहे. तुमच्या शास्त्रात एरर, डिफेक्ट आणि फेल्युअर हे तीन टप्पे वेगळे शिकवतात आणि मुलं त्यात अडकतात. आपल्याकडे चूक, दोष आणि बिघाड हे तीन शब्द आहेत. चूक माणूस करतो, दोष वस्तूत राहतो, बिघाड चालवताना दिसतो. उदाहरण मराठीतलंच घ्या. ‘ॲप’ शब्दातला पहिला स्वर युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकातल्या अक्षरांच्या जागतिक संकेतप्रणालीत, दोन प्रकारे लिहिता येतो: ‘अ’वर चंद्र चढवून, किंवा २००८ पासून मिळालेल्या स्वतंत्र ‘ॲ’ चिन्हाने. डोळ्यांना दोन्ही सारखेच, संगणकाला निराळे. हे प्रोग्रॅमरच्या लक्षात न येणं ही चूक. शोधताना दोन्ही रूपं एक न मानणारी कोडची ओळ हा दोष. कोथरूडच्या आजोबांनी ‘ॲसिडिटीचं औषध’ शोधलं आणि ते दुकानात असूनही ‘काही सापडलं नाही’ असं आलं, तो बिघाड. वर्गात मुलांना हीच चाचणी लिहायला लावा. जोडीला ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ द्या. समुद्र शोधणाऱ्याला डोंगरातल्या दऱ्या मिळता कामा नयेत.

बोलताना बग खुशाल बगच म्हणा. तो पुल्लिंगी झालाच आहे: बग आला, बग सापडला. फक्त अजून पुरता घरचा झालेला नाही. टेबल, पेन हे शब्द मुरले, म्हणून आपण टेबलावर, पेनाने म्हणतो. बगला अजून सामान्यरूप मिळालेलं नाही, म्हणून बगमुळे, बगचं. तुमच्या वर्गातलं एखादं मूल ‘या बगामुळे टेस्ट फेल गेली’ असं म्हणालं, तर त्याला दुरुस्त करू नका.