ड्रॉवर आणि कपाटाच्या प्लायमध्ये सरळ, घट्ट खाच पाडायला कोणती मशीन घ्यावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सोलापुरात घरामागे छोटं वर्कशॉप आहे, लाइन सिंगल फेज. किचन ट्रॉलीचे ड्रॉवर आणि कपाटं हेच मुख्य काम. तळाच्या आणि पाठीच्या प्लायसाठी १८ मिमी प्लायमध्ये ६ मिमीची खाच लागते. ट्रिमरने, म्हणजे फिरत्या बिटने (कापणाऱ्या पात्याने) लाकूड कोरणाऱ्या छोट्या हातराऊटरने, पाडली की ती वाकडी जाते, करपते, आणि प्लाय आत खुळखुळतो. तर आता टेबल सॉ घ्यावा, स्पिंडल मोल्डर (उभ्या दांड्यावर मोठा कटर फिरवणारी मशीन) घ्यावा, की मोठा राऊटर?

१२ मिमी कोलेटचा (कोलेट म्हणजे बिटचा दांडा आवळणारी नळी), १६०० वॅटच्या आसपासचा, वेग कमी-जास्त करता येणारा प्लंज राऊटर (बिट वरखाली सरकवता येणारा) घ्या आणि तो टेबलाखाली उलटा लावा. एवढ्या कामाला तो पुरून उरेल. पण एक आधीच सांगतो: तुमच्या तिन्ही तक्रारी ट्रिमरच्या नाहीत. त्या मापाच्या, गाइडच्या आणि बिटच्या आहेत, त्यामुळे लाखाची मशीन आणली तरी मागोमाग येतील.

आधी खुळखुळण्याचं बघू. ‘६ मिमी’ म्हणून मिळणारा प्लाय कॅलिपरने मोजा, ५.४, ५.६ असं काहीही भरेल, आणि एकाच शीटच्या दोन टोकांनाही फरक सापडेल. तुमचा बिट मात्र बरोबर ६ चा, वर कोलेटमध्ये जरा थरथर असेल तर खाच ६.१ ची. म्हणजे अर्ध्या मिमीची फट तुम्ही बिट लावतानाच मान्य केली. सोलापुरात ज्यांनी हातमाग जवळून पाहिलाय त्यांना हे वेगळं सांगायला नको; फणी खाचेत सैल बसली तर प्रत्येक ठोक्याला हलते. ड्रॉवरचा तळही तसाच, भांडी ठेवली की वाजतो.

उपाय म्हणजे खाचेपेक्षा बारीक बिट घेऊन दोन फेऱ्यांत रुंदी गाठायची. ५ मिमीचा दोन धारांचा सरळ कार्बाइड बिट घ्या. प्लाय ५.४ भरला तर खाच ५.६ हवी, म्हणजे दुसऱ्या फेरीत ०.६ वाढवायचं. हे ०.६ डोळ्याने सरकवता येत नाही, पण व्हिजिटिंग कार्डाने येतं. साधं कार्ड साधारण ०.३ मिमी असतं (एकदा मोजून घ्या). राऊटर टेबलावर फेन्स (फळी टेकवून सरकवायची उभी पट्टी) पहिल्या मापाला लावा, फेन्सच्या मागे दोन्ही टोकांना एकेक ठोकळा क्लॅम्प करा, आणि ठोकळा व फेन्स यांच्यामध्ये दोन-दोन कार्डं ठेवा. सगळ्या फळ्यांची पहिली फेरी मारून घ्या. मग कार्डं काढा, फेन्स ठोकळ्यांना टेकेपर्यंत मागे ढकला, पुन्हा क्लॅम्प करा आणि सगळ्या फळ्या दुसऱ्यांदा चालवा.

फेन्स मागेच न्यायचा, पुढे नाही. टेबलाखालचा बिट वरून बघितला तर घड्याळाच्या उलट फिरतो आणि फळी आपण उजवीकडून डावीकडे ढकलतो. फेन्स मागे गेला की बिट खाचेची तुमच्या बाजूची भिंत कापतो; तिथे धार फळीच्या चालीविरुद्ध येते आणि फळी ताब्यात राहते. फेन्स पुढे आणून पलीकडची भिंत कापायला गेलात तर धार फळीच्या दिशेनेच पळते, फळी हातातून ओढून नेते आणि बोटं बिटकडे जातात. रुंदी वाढवताना होणारे बरेच अपघात याच चुकीचे.

घट्ट किती? तुकडा हाताच्या दाबाने आत जावा, उलटा धरला तर गळून पडू नये. हातोडी लागली तर सरस लावल्यावर अजिबात जाणार नाही, कारण पाण्याच्या सरसाने प्लायची कड फुगते.

आता वाकडी जाण्याचं. ट्रिमर हातात धरून बाहेरची पट्टी क्लॅम्प करून चालवत असाल तर दोन गोष्टी तपासा. पहिली, दिशा. तुम्ही मशीन तुमच्यापासून पुढे ढकलता तेव्हा ती स्वतःहून डावीकडे सरकू बघते. म्हणून क्लॅम्प केलेली पट्टी मशीनच्या डावीकडे हवी, म्हणजे मशीन पट्टीला चिकटून राहते. मशीनला जोडलेला गाइड वापरत असाल तर उलट: फळीची कड आणि गाइड उजवीकडे, म्हणजे तीच ओढ गाइडला कडेवर आवळते. अनेकजण नेमकं याच्या उलट धरतात आणि मग मनगटाने मशीनशी झगडतात. दुसरी गोष्ट बेसची. गोल बेसच्या बरोबर मधोमध बिट असतोच असं नाही, अर्ध्या मिमीपर्यंत फरक सहज असतो. चालवताना मशीन हातात थोडी फिरली की खाच नागमोडी. बेसवर मार्करने एक खूण करा आणि तीच बाजू पट्टीला लावून ठेवा. बेसला सपाट कड असेल तर ती वापरा.

खाचेची खोली मध्येच वाढत असेल तर बिट कोलेटमधून सरकतोय. इथे आपल्या बाजारात हमखास होणारा घोळ आहे. ६ मिमी आणि ६.३५ मिमी (पाव इंच), तसेच १२ मिमी आणि १२.७ मिमी (अर्धा इंच) ही वेगवेगळी मापं आहेत, पण दुकानात दोन्हींना ‘सहाचा’ आणि ‘बाराचा’च म्हणतात. १२ चा दांडा १२.७ च्या कोलेटमध्ये जातो, आवळल्यासारखाही वाटतो, आणि भार आला की सरकतो किंवा सुटतो. बिट घ्यायला जाताना कोलेट काढून खिशात घेऊन जा. बसवताना दांडा तळाला टेकवा, मग २-३ मिमी वर ओढून आवळा. टेकलेलाच आवळला तर पकड अर्धवट राहते. कोलेटच्या फटीतला भुसा जुन्या टूथब्रशने काढत राहा.

करपणं म्हणजे घासणं. बिट बोथट, चाल मंद, किंवा एका दमात पूर्ण खोली, या तिघांपैकी एक. ५-६ मिमी बिटने एका फेरीत ३ मिमीपेक्षा खोल जाऊ नका; ६ मिमी खोल खाच दोन फेऱ्यांत. वेग मिनिटाला १८ ते २२ हजार फेऱ्या. चाल अंदाजे मिनिटाला अडीच मीटर, म्हणजे ४५० मिमीची ड्रॉवरची बाजू १०-११ सेकंदांत पार व्हावी. मध्ये थांबायचं नाही. पकड बदलायला थांबलात की तिथेच काळा डाग. भुसा पिठासारखा पडतोय की बारीक कापासारखा, तेही बघा. पीठ पडत असेल तर चाल वाढवा किंवा बिट बदला. एचएसएसचे (हाय स्पीड स्टीलचे) स्वस्त बिट प्लायला लावूच नका. बीडब्ल्यूपी (उकळत्या पाण्यातही टिकणाऱ्या) प्लायमधला फिनॉलचा सरस एवढा कडक असतो की त्यांची धार बघता बघता जाते. कार्बाइडच्या बिटवर काळा थर चढला तर तो बोथट झाला असं लगेच समजू नका. रॉकेल किंवा थिनरमध्ये भिजवून पुसा, अर्ध्या वेळा धार खाली शाबूत सापडते. बिट पुन्हा लावण्याआधी मात्र पूर्ण कोरडा करा.

वरचा लॅमिनेट किंवा व्हेनियर फुटत असेल तर पहिली फेरी फक्त १ मिमीची ठेवा, किंवा खाली दाबणारा स्पायरल बिट वापरा. प्लायच्या वरच्या रेषांना आडवी खाच असेल तर जिथून बिट बाहेर पडतो त्या कडेला एक टाकाऊ तुकडा चिकटून धरा; तुटायचं ते त्याचं तुटेल.

टेबल विकत घ्यायची गरज नाही. वर ८०० × ६०० मिमीचा सपाट प्लाय, सनमायका लावलेला, दोन्ही बाजूंना. एकाच बाजूला लावला तर तो वाकतो. उंची ८५० ते ९०० मिमी. मध्ये ८ मिमी हायलम (बेकेलाइटसारख्या कडक) शीटची प्लेट, तिला राऊटरचा बेस स्क्रूने. मोठ्या छिद्रासाठी कमी करणारी रिंग ठेवा, कारण ५ मिमी बिटभोवती ४० मिमीचं भोक असेल तर फळीचं टोक त्यात घसरतं आणि सुरुवातीलाच खाच खोल होते. फेन्स म्हणजे एल आकारात जोडलेल्या दोन सरळ पट्ट्या, मागे व्हॅक्यूमचं तोंड. राऊटर टेबलावर फेन्स टेबलाच्या कडेला समांतर असण्याची गरज नसते, कारण बिट एकाच बिंदूवर आहे. फक्त फेन्स ते बिट हे अंतर मोजायचं. म्हणून एक टोक घट्ट ठेवून दुसरंच हलवलं तरी चालतं, आणि बिट मधोमध असेल तर टोकाला १ मिमी हलवलं की बिटपाशी अर्धाच मिमी हलतं. बारीक माप लावायला याच्याइतकं सोपं काही नाही. (कार्डाच्या युक्तीत म्हणूनच दोन्ही टोकांना कार्डं लागतात.)

फळी वाकलेली असेल तर ती मध्ये टेबलावरून उचलली जाते आणि तिथे खाच उथळ होते. वरून दाबपट्टी लावा, बोटांसारखे काप दिलेली. आणि उन्हाळ्यात कूलरच्या झोतासमोर प्लाय किंवा एमडीएफ उभा करू नका. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत एक बाजू कूलरची ओल पिते, दुसरी वाळते, आणि शीट दोन दिवसांत धनुष्य होते.

मापं. १८ मिमी प्लायला खाच ६ मिमी खोल, जास्तीत जास्त ९. ड्रॉवरच्या खालच्या कडेपासून १२ मिमी वर. अंडरमाउंट चॅनेल (ड्रॉवरच्या तळाखाली बसणाऱ्या सरकपट्ट्या) वापरत असाल तर बऱ्याच चॅनेलना तळाखाली १२-१३ मिमी जागा लागते, तेव्हा चॅनेलसोबतचा कागद आधी वाचा आणि मग फेन्स लावा. आतली रुंदी ४०० असेल तर तळ ४१२ नाही, ४१० कापा. मागची पट्टी खाचेच्या वरच्या कडेपर्यंतच ठेवली तर तळ मागून सरकवता येतो आणि पुढेमागे बदलताही येतो. कपाटाच्या पाठीसाठी खाच मागच्या कडेपासून १८-२० मिमी आत घ्या. भिंत ओल धरत असेल तर तेवढं अंतर कामाला येतं.

बाकी मशीनांबद्दल. टेबल सॉवर खाच झपाट्याने होते, पण १० इंची ब्लेडचा काप साधारण ३ मिमी, म्हणजे दोन फेऱ्या आल्याच. दात एकाआड एक तिरके असतील तर खाचेच्या तळाला दोन्ही कोपऱ्यांत बारीक चिरा राहतात. सपाट दातांचं ब्लेड लागेल. अनेक ब्लेडांचा डॅडो संच बऱ्याच मशीनच्या आखूड शाफ्टवर बसतच नाही. मधूनच सुरू होऊन मधेच थांबणारी खाच तर टेबल सॉवर विसराच. राऊटरवर ती फेन्सवर दोन खुणा करून होते, कोपरे नंतर पटाशीने चौकोनी करायचे.

स्पिंडल मोल्डरला सहसा थ्री फेज लागतं. रोज शेकडो मीटर खाच, किंवा सागाच्या दारांच्या चौकटी असतील तर तो घ्या. १६० मिमीचा ग्रूव्ह कटर मिनिटाला ६००० फेऱ्यांना सेकंदाला ५० मीटरने धावतो. खाच आरशासारखी येते, आणि चूक झाली तर तीही त्याच वेगाने. ड्रॉवरसाठी तो बोजाच.

मार्बल कटरला लाकडाचं ब्लेड लावून खाच मारणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत. ४ इंची ब्लेडचा काप २ मिमीच्या आसपास, म्हणजे तीन फेऱ्या, आणि मागे झटका मारू लागला तर अडवायला मशीनवर काही नाही. साइटवर एखाद-दुसरी खाच, पट्टी घट्ट क्लॅम्प करून, इथवर ठीक. अँगल ग्राइंडरला मात्र लाकडाचं ब्लेड कधीच नाही.

ऑर्डर एकदम मोठी आली तर पॅनेल सॉ किंवा सीएनसीवाल्याकडून जॉबवर्कवर खाचा मारून घ्या. त्याला ‘६ मिमी खाच’ असं सांगू नका, प्लायचा तुकडाच द्या.

शेवटचं, अस्सल लाकडाचं. चौकटीच्या खाचेत सागाचं पॅनेल बसवणार असाल तर वरची मापं चालत नाहीत. ३०० मिमी रुंद पाटीतला ओलावा ४ टक्क्यांनी बदलला तर रुंदी साधारण २ मिमी बदलते, आणि श्रावणापासून मेपर्यंत सोलापुरात तेवढा बदल सहज होतो. खाच १०-१२ मिमी खोल घ्या, पॅनेल दोन्ही कडांना २-३ मिमी मोकळं ठेवा, सरस लावू नका. पावसाळ्यात बनवत असाल तर मोकळं कमी ठेवा, कारण ते पुढे आक्रसणारच आहे. मेमध्ये बनवत असाल तर जास्त. आणि पॉलिशचा पहिला हात पॅनेल खाचेत बसवण्याआधी द्या, नाहीतर उन्हाळ्यात ते आत ओढलं गेलं की कडेला कोऱ्या लाकडाची फिकी रेघ उघडी पडते.