तुम्ही विचारलंय: शेअर बाजाराची नियामक असलेल्या सेबीने पास केलेल्या आयपीओत (कंपनीने लोकांना पहिल्यांदा शेअर विकणं, म्हणजेच जाहीर इश्यू) पैसे बुडाले, तर सेबी जबाबदार का नाही?

कारण इश्यू चांगला की वाईट हे सेबी ठरवतच नाही. 1992 पर्यंत शेअर किती रुपयांना विकायचा हेसुद्धा सरकारचा भांडवली इश्यू नियंत्रक ठरवायचा. ते बंद झालं. आता कंपनीने सांगायला हवं ते सगळं सांगितलंय का, एवढंच बघतात. सेबीने या शेअरची शिफारस केलेली नाही, हे प्रॉस्पेक्टसच्या, म्हणजे कंपनीच्या माहितीपत्रकाच्या, पहिल्याच पानावर छापलेलं असतं.

आमच्या दाजींशी माझं यावरूनच वाजलं होतं. एका एसएमई, म्हणजे लहान कंपनीच्या, आयपीओचा ग्रे मार्केट प्रीमियम (बाजारात नोंद होण्याआधी अनधिकृत व्यवहारात मिळणारा जादा भाव) जोरात होता, आणि दाजींचं एकच पालुपद, "सेबीने पास केलाय." मी म्हटलं, दाजी, एसएमई इश्यूच्या मसुद्यावर सेबी शेरे देत नाही, तो शेअर बाजार (एक्स्चेंज) तपासतो. पटेना. मग प्रॉस्पेक्टस उघडून इश्यूच्या उद्दिष्टांचं पान समोर धरलं. जमलेल्या पैशातला मोठा वाटा प्रवर्तकांनीच कंपनीला दिलेलं कर्ज फेडायला जाणार होता. म्हणजे पैसा आपला आणि मोकळे होणार मालक! पुढे संबंधित पक्षांशी, म्हणजे मालकांच्याच माणसांशी आणि कंपन्यांशी, झालेले व्यवहार, तेही तसेच. काही लपवलेलं नव्हतं, सगळं छापलेलं. दाजी म्हणाले, "तू उगाच घाबरवतोस," आणि अर्ज भरला. भाव वर्षभरात निम्म्यावर आला. घरात अजूनही बोललं जातं की सेबी झोपली होती.

प्रवर्तकांचं कर्ज फेडायला एसएमई इश्यूचा पैसा वापरण्यावर सेबीने 2025 मध्ये बंदी घातली. हे फार उशिरा झालं, तेवढा दोष मी सेबीला देतोच. पण छापलेलं न वाचता पैसे घालणाऱ्याची जबाबदारी सेबीवर कशी येईल? दाजी, तुम्ही हे वाचत असाल तर तुम्हालाही हेच विचारतोय.

अर्थात प्रॉस्पेक्टसमध्येच खोटं लिहिलं असेल तर गोष्ट वेगळी. 2013 च्या कंपनी कायद्यात कलम 34 खाली तुरुंग आहे, 35 खाली संचालक आणि प्रवर्तकांकडून भरपाई. आणि जाहीर इश्यूचे नियम डावलून लोकांकडून पैसे गोळा केले म्हणून सहाराच्या दोन कंपन्यांना सुप्रीम कोर्टाने 2012 मध्ये 15 टक्के व्याजासह परतफेडीचा आदेश दिला, ते प्रकरण सेबीनेच लढवलं होतं.

तुमचा इश्यू मेनबोर्डचा (मोठ्या कंपन्यांच्या मुख्य बाजाराचा) होता की एसएमई, हे तुम्ही लिहिलेलं नाही. माहिती दडवल्याचा पुरावा असेल तर सेबीच्या स्कोअर्स या तक्रार पोर्टलवर तक्रार टाका. नुसता भाव पडला म्हणून तिथे काही होणार नाही, आणि होऊही नये.