राजकारणाचा अनुभव नसलेल्या, मोठमोठ्या घोषणा करणाऱ्या माणसाला लोक निवडून का देतात?

अमेरिकेचे ट्रम्प आणि अर्जेंटिनाचे राष्ट्राध्यक्ष मिलेई यांची नावं घेऊन तुम्ही शेवटी विचारलंय, 'लोकांना एवढंही कळत नाही का?' मी खान्देशातला, अमळनेर तालुक्यातला. आमच्या मतदारसंघाने २००९ ला अपक्ष आमदार दिला. २०१४ ला पुन्हा अपक्षच, पण दुसरा, आणि तोही नंदुरबारहून आलेला. त्या साली अख्ख्या महाराष्ट्रात २८८ पैकी सातच अपक्ष निवडून आले होते. तेव्हा 'न कळणाऱ्या' लोकांत आमचं घर पहिल्या रांगेत बसतं, म्हणून लिहितोय.

१५ ऑक्टोबर २०१४, मतदानाचा दिवस. मी रात्रीच्या गाडीने नाशिकहून आलो होतो. ओट्यावर पहिल्या वेचणीचा कापूस पडलेला आणि नाना, म्हणजे माझे थोरले काका, त्यातली वाळलेली पत्ती काढत बसलेले. कोणाला देणार विचारलं तर म्हणाले, "घरनास्नी काय दिवा लाया? आते बाहेरनाले देखी लेऊ."

मी शिकलेला ना, शहाणपणा केलाच. "पण नाना, हा तरी धरण पुरं करेल का?"

मान वर न करता उत्तर आलं, "नही करनार."

"मंग?"

"मंग काय? त्यास्ले कळनं पाहिजे ना भो."

'त्यास्ले' म्हणजे आधीच्या सगळ्यांना. आणि धरण म्हणजे तापीवरचं पाडळसे. त्याला मान्यता मिळाली नव्वदच्या दशकात, तेव्हा मी शाळेत होतो आणि नानांनी गल्लीत पेढे वाटले होते. त्या वेळी खर्चाचा अंदाज दीडशे कोटींच्या आत होता. २०२३ मध्ये सुधारित मान्यता निघाली ती ४ हजार ८९० कोटींची. मधल्या काळात सरकारं सगळ्या रंगांची येऊन गेली. प्रत्येक निवडणुकीत धरण भाषणात भरलं आणि निकालानंतर आटलं. नानांचं शेत कागदावर लाभक्षेत्रात आहे. कापूस मात्र पावसाच्या भरवशावर.

तुम्ही ज्याला उमेदवाराचा अनुभव म्हणता, त्याचा नानांना आलेला अनुभव हा असा. अनुभवी माणूस धरण करत नाही हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. बिनअनुभवी करेल याची खात्री नाही. यात मूर्खपणा कुठे आहे, मला अजून सापडलेला नाही.

अर्जेंटिनात २०२३ ला हेच मोठ्या प्रमाणावर झालं. महागाईचा वार्षिक दर १४० टक्क्यांच्या वर गेला होता. मिलेईंना खासदारकीची जेमतेम दोन वर्षं झालेली, सरकारी खर्च कापणार हे दाखवायला प्रचारात ते हातात यंत्राची करवत घेऊन फिरत. पण त्यांच्यासमोर शेवटच्या फेरीत कोण होतं? खुर्चीवर बसलेले अर्थमंत्री, सर्जिओ मासा! ज्याच्या काळात तेल-मीठ महिन्या-महिन्याला महागलं, तोच माणूस 'मला अनुभव आहे' म्हणत मत मागतोय. तिथल्या एखाद्या बाईने बाजाराची पिशवी उघडून बघितली असेल आणि बटण... म्हणजे तिकडे कागदी मतपत्रिका असते, ती टाकली असेल.

पण नुसता पोटाचा राग धरून हे सगळं सुटत नाही. मानाचाही भाग असतो, आणि शिकलेली मंडळी नेमका तोच सोडून देतात. तेलुगू सिनेमाचे नट एन. टी. रामाराव यांनी मार्च १९८२ मध्ये पक्ष काढला आणि जानेवारी १९८३ मध्ये आंध्रात सत्ता घेतली. नऊ-दहा महिन्यांत. लोकांना आठवतो तो दोन रुपये किलो तांदूळ. पण त्याआधीच्या पाच वर्षांत काँग्रेसने दिल्लीतून चार मुख्यमंत्री बदलले होते, आणि तेलुगू माणसाच्या आत्मसन्मानाची हाक रामारावांनी बरोबर त्या जखमेवर दिली. आमच्याकडे एखादा उमेदवार माइकवर दोन वाक्यं अहिराणीत बोलला की मंडपात शिट्टी वाजते, ती याच जातीची. एका सातबाऱ्यासाठी मी स्वतः तीन हेलपाटे मारलेत. 'साहेब मिटिंगला गेलेत' हे प्रमाण मराठीत ऐकून बाहेर पडलेल्या माणसाला आपल्या बोलीतलं खोटंसुद्धा थोडं गोड लागतं. फसतो का तो? फसतोही. पैसा चालत नाही असंही मी म्हणणार नाही. आणि एक खरं, आमच्याकडे 'अपक्ष' बऱ्याचदा तिकीट न मिळालेला असतो. बाहेरचा म्हणजे उंबऱ्यापर्यंत येऊन परत फिरलेला.

मला भीती वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. दक्षिण अमेरिकेतल्या पेरूमध्ये १९९० ला फुजिमोरी राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आले. कृषी विद्यापीठाचे कुलगुरू, प्रचारात ट्रॅक्टरवर बसून फिरायचे. आमच्या तालुक्यात तर असा माणूस हसत निवडून येईल. महागाईवर जालीम इलाज, म्हणजे एका झटक्यात सवलती काढून भाव मोकळे सोडणं, नको, असं त्यांनी प्रचारात सांगितलं आणि सत्तेवर आल्यावर काही आठवड्यांतच तोच इलाज केला. पुढे एप्रिल १९९२ मध्ये लष्कराला हाताशी धरून संसदच बंद केली. तेव्हा बहुसंख्य लोक त्यांच्या बाजूने होते, कारण त्या संसदेबद्दल कोणाला काडीची माया उरली नव्हती. ज्या घराने आपल्याला कधी पाणी विचारलं नाही, त्याला कुलूप लागलं तर रडायला कोण येणार?

अमळनेरात गोष्ट इतक्या थराला गेली नाही. २०१४ चे अपक्ष शिरीष चौधरी २०१९ ला भाजपच्या तिकिटावर उभे राहिले आणि राष्ट्रवादीचे अनिल भाईदास पाटील जिंकले. त्या वेळी सुट्टी न मिळाल्याने मी फोनवरच विचारलं, "नाना, बाहेरनाले सोडं का?"

"तो बी आते घरना व्हई गया," नाना म्हणाले, आणि मोटार बंद करायची राहिली म्हणून फोन ठेवला. विहिरीला तेव्हा दिवसातून तासभरच पाणी होतं.