विहिरीत पावडर पडते, तरी पोरांना जुलाब का?

प्रश्न : आमचा पाडा मोखाडा तालुक्यात आहे. पाड्याला एकच विहीर. पाऊस लागला की पाणी लालसर होतं. पंचायतीचा माणूस आठवड्यातून एकदा येऊन टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकून जातो, तरी दर पावसाळ्यात लहान पोरांना जुलाब लागतात. पावडर पडली की बायका वासाला कंटाळून ओहळाचं पाणी भरतात. त्यात आता विहिरीच्या वरच्या अंगाला दोन घरांनी संडासाचे खड्डे खणायला घेतलेत. मी अंगणवाडीत मदतनीस आहे. कुठून सुरुवात करू?
– एक वाचक, पालघर जिल्हा

उत्तर : ताई, आधी ते खड्डे थांबवा. आजच त्या दोन घरी जा. शोषखड्डा विहिरीपासून निदान दहा मीटर लांब आणि उताराच्या खालच्या अंगाला हवा. खाली भेगाळ कातळ असेल तर दहा मीटरही मला कमीच वाटतात, जागा असेल तर आणखी लांब जा. खड्ड्याचा तळ जमिनीतल्या पाण्याच्या दोन मीटर वर राहावा असं सांगतात. आपल्याकडे भर पावसात पाणी फार वर येतं, म्हणून खड्डा उथळ आणि रुंद ठेवा. खड्डे दोनच करा, वापर एका वेळी एकाचाच. पहिला भरला की मैला दुसऱ्यात वळवायचा. पहिला दोनेक वर्षं बंद राहिला की त्यात बिनवासाचं खत होतं.

आणि संडासाचं भांडं ग्रामीणच बसवा, तीव्र उताराचं. त्याला दीड-दोन लिटर पाणी पुरतं. शहरी भांड्याला बादलीभर लागतं. जी बाई मार्च-एप्रिलमध्ये डोक्यावर हंडे वाहते ती संडासात बादली ओतणार नाही, आणि तिला त्याबद्दल बोल लावणं मला कधीच पटलं नाही. बारा हजारांच्या अनुदानातून बांधलेले कितीतरी संडास सरपण ठेवायला गेले, ते याच कारणानं.

आता विहीर. जव्हार-मोखाड्याच्या बाजूला मी आरोग्यसेविका म्हणून नोकरी केली. विहिरीच्या काठावर टीसीएलचे पांढरे गोळे पडलेले दिसले की जीव तळमळायचा. वरून मुठीनं फेकलेली पावडर थेट तळाशी बसते. शिवाय पिशवी उघडी, ओलसर खोलीत पडून राहिली तर तिच्यातला क्लोरिन उडून जातो. ताज्या पावडरीत तो शंभरात तेहतीसच्या आसपास असतो, जुनी पावडर म्हणजे निव्वळ चुना. आठवड्यातून एकदा टाकणं तर पावसाळ्यात न टाकल्यासारखंच. साथीच्या दिवसांत हे काम रोजचं आहे.

माप असं काढा. विहिरीचा व्यास मीटरमध्ये मोजा, त्याला त्यानंच गुणा, मग पाण्याच्या खोलीनं, मग 785 नं. चार मीटर व्यास आणि तीन मीटर पाणी असेल तर साधारण 37,700 लिटर होतात. स्वच्छ पाण्याला हजार लिटरमागे अडीच ग्रॅम चांगली पावडर लागते. गढूळ पाण्यात निम्मा क्लोरिन गाळच खातो, म्हणून पावसात पाच ग्रॅमनं सुरुवात करा. म्हणजे एवढ्या विहिरीला 190 ग्रॅमच्या आसपास. एका बादलीत शंभर ग्रॅमपेक्षा जास्त घालू नका. आधी थोड्या पाण्यात लगदा करा, मग बादली पाऊण भरून ढवळा, दहा मिनिटं निवळू द्या. वरचं निवळ पाणी दुसऱ्या बादलीत ओता. खालचा चुना विहिरीत जाऊ द्यायचा नाही. ती दुसरी बादली दोराला बांधून पाण्याखाली सोडा आणि खालीवर हलवा. हे रात्री, पाणी भरणं संपल्यावर करावं. निदान तासभर तरी कुणी पाणी काढू नये.

सकाळी ओटी टेस्ट करा, म्हणजे पाण्यात क्लोरिन उरलाय का ते बघा. तिचं द्रावण पंचायतीच्या जलसुरक्षकाकडे किंवा आरोग्य उपकेंद्रात मिळतं. नळीतलं पाणी द्रावणानं लगेच पिवळं झालं तर क्लोरिन आहे. रंग आला नाही तर पुन्हा टाका. नळीतलं तपासलेलं पाणी फेकून द्यायचं, पिण्यात येऊ द्यायचं नाही. एक टेस्ट विहिरीवर करा आणि एक शेवटच्या घरातल्या हंड्यात. हंड्यात हात बुडतो, पेला बुडतो, तिथंच पुष्कळ बिघडतं. लांब दांड्याचं ओगराळं ठेवा.

वासाबद्दल बायकांना सरळ सांगा : हलका वास येतोय म्हणजे जंतू मेल्यावरही क्लोरिन शिल्लक आहे. ती पिवळी नळी त्यांच्या डोळ्यांसमोर करून दाखवा. वास नकोच वाटला तर पाणी भरून कापड बांधून ठेवा, काही तासांत तो उतरतो. ओहळाचं पाणी मात्र पावसात उकळल्याशिवाय पोराच्या तोंडी लावू नका.

जुलाब लागलेल्या पोराला लगेच ओआरएस सुरू करा. एक पुडी एक लिटर पाण्यात, अर्धी पुडी पेल्यात नाही. अंगावरचं दूध चालू ठेवा. सहा महिन्यांवरच्या पोराला झिंकची 20 मिलिग्रॅमची गोळी रोज एक, चौदा दिवस. जुलाब थांबले तरी गोळ्या पुऱ्या करा. डोळे खोल गेले, पोर सुस्तावलं किंवा शौचात रक्त दिसलं तर घरी थांबू नका.

विहिरीला कठडा, ओटा आणि सांडपाण्याची नाली पंचायतीनं बांधून द्यायला हवी. लालसर पाणी बहुधा काठावरूनच आत उतरतंय. 15 ऑगस्टच्या ग्रामसभेत हा विषय लेखी द्या, पाड्यातल्या दहा-बारा बायकांच्या सह्या घेऊन. पावडर कधी आली, किती आली, याची नोंदवही तिथंच मागा, आणि पाण्याच्या शेवटच्या तपासणीचा अहवालही. पाणीपुरवठा व स्वच्छता समितीत निम्म्या जागा बायकांच्या असतात. तुमच्या पाड्यातलं त्यात कोण आहे, हेही त्याच दिवशी विचारा.