सुट्टीच्या दिवशी लांडगे दिसतील का?

प्रश्न: ताई, मी अमेरिकेत ग्रीन कार्डवर आहे, यंदा उन्हाळ्यात यलोस्टोन नॅशनल पार्कमध्ये कॅम्पग्राउंडवर (तंबू ठोकून राहायच्या जागी) काम करायचंय, प्राणी बघायला वेळ मिळेल का?

उत्तर: मिळेल की, पण आधी कामाचं सांगते, चेक-इन, टॉयलेट साफ करणं, आणि रात्री कुणी खाणं टेबलावर उघडं ठेवलंय का ते बघणं, हे शेवटचं फार मनापासून कर गं, कारण माणसांच्या अन्नाची चटक लागलेल्या अस्वलाला बऱ्याचदा मारावं लागतं.

सुट्टीला पहाटेच पार्कातली लामार व्हॅली गाठ, दुर्बीण घे. १९९५ला कॅनडातून आणून सोडलेल्या लांडग्यांचे वंशज तिथे दिसतात. बायसनपासून (गव्यासारखा मोठा रानटी प्राणी) २३ मीटर, अस्वल-लांडग्यांपासून ९१ मीटर लांब राहायचं, आणि बायसनने शेपटी उभी केली की लगेच मागे हो!